संपादकांची शाळा

वकिलाला सनद लागते, वैद्याला पदवी लागते. मग ज्याच्या लेखणीनें लक्षावधि लोकांचें मत बनतें किंवा बिघडतें, त्या संपादकानें मात्र मिळेल तेथें, मिळेल तें शिकून खुर्चीवर बसावें, हा कोठला न्याय? अमेरिकेंत हा प्रश्न अत्यंत आग्रहानें मांडणारा जोसेफ पुलित्झर स्वतः कोणत्याहि विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. १८४७ सालीं हंगेरींत जन्मलेला हा तरुण १८६४ मध्यें यादवी युद्धांत शिपाईगिरी करण्यासाठीं अमेरिकेस आला, तेव्हां त्याला इंग्रजी धड येत नव्हतें. सेंट लुइस येथें एका जर्मन भाषेच्या पत्रांत त्यानें बातमीदाराची उमेदवारी केली, पुढें त्याच शहरांत स्वतःचें पत्र उभें केलें आणि १८८३ मध्यें न्यूयॉर्कचें ‘वर्ल्ड’ विकत घेतलें.

वृत्तपत्रविद्येची शाळा काढण्यासाठीं देणगी देण्याची तयारी त्यानें १८९२ सालीं कोलंबिया कॉलेजास कळविली. विश्वस्तांनीं ती नाकारली. ‘वर्ल्ड’चा खप प्रचंड असला तरी त्याचा लौकिक पंडितांच्या पंक्तींत बसण्यासारखा नव्हता, हें येथें लक्षांत ठेवलें पाहिजे. पुढें तर हर्स्टच्या पत्राशीं स्पर्धा करतांना त्याच्या मथळ्यांचा भडकपणा आणखीच वाढला आणि १८९८ च्या स्पेनशीं झालेल्या युद्धाच्या वेळीं त्यानें टोक गांठलें. दृष्टि अधू झालेला पुलित्झर या काळांत चिटणिसांकडून पत्रें वाचवून घेत असे. शाळेची कल्पना त्यानें सोडली नाहीं. ही केवळ पश्चात्तापबुद्धि होती असें म्हणणें सोपें आहे. पण १८९२ मध्यें तें युद्ध फार दूर होतें, हें विसरून चालणार नाहीं.

१९०३ सालीं कोलंबिया विद्यापीठाशीं २० लक्ष डॉलरचा करार झाला आणि वादास तोंड फुटलें. होरेस व्हाइट या जुन्या, मानी संपादकानें १९०४ च्या जानेवारींत ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ मासिकांत या योजनेवर टीका केली. अनेक संपादकांचें मत तसेंच होतें. बातमी हुंगण्याचें नाक जन्मतःच असावें लागतें, बाकीचें कचेरींत शिकतां येतें, अशी त्यांची धारणा. पुलित्झरनें मे महिन्यांत त्याच मासिकांतून सविस्तर उत्तर दिलें. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, आंकडेशास्त्र आणि सर्वांवर नीति, हें कचेरींत कोण शिकविणार, असा त्याचा रोख होता. हार्व्हर्डचे अध्यक्ष एलियट यांनीं पत्राची व्यवस्था आणि जाहिराती हेहि विषय सुचविले होते. तें पुलित्झरला मुळींच रुचलें नाहीं. खप वाढविण्यांत ज्याचा हातखंडा, त्यानेंच खपाची विद्या वर्गाबाहेर ठेवा म्हणावें, याची गंमत वाटते. पण पैशाचा विचार संपादकाच्या मेजापर्यंत पोंचला कीं काय होतें, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

सल्लागार मंडळावर कोणीं बसावें यावरून त्याचें कोलंबियाच्या बटलर यांच्याशीं बिनसलें, आणि शाळा आपल्या मृत्यूनंतरच उघडावी असें त्यानें ठरविलें. तेवढ्या अवधींत मिसूरी विद्यापीठ पुढें गेलें. तेथील शाळा १९०८ च्या सप्टेंबरांत सुरू झाली आणि पहिल्याच दिवशीं विद्यार्थ्यांनीं स्वतःचें दैनिक काढिलें. तिचे प्रमुख वॉल्टर विल्यम्स हेहि कॉलेजांत न गेलेले, छापखान्यांतून वर आलेले गृहस्थ होते. पुलित्झर १९११ च्या ऑक्टोबरांत वारला; कोलंबियाची शाळा १९१२ मध्यें उघडली.

महाराष्ट्रांत हा प्रश्न फार उशीरां उठला, आणि त्याला कारण आहे. येथील वृत्तपत्रें विद्वान् शिक्षकांनींच उभीं केलीं. १८३२ सालीं ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढें एल्फिन्स्टन संस्थेंत अध्यापक झाले. १८८१ सालीं ‘केसरी’ निघाला तेव्हां टिळक आणि आगरकर न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिकवीत होते. अशा माणसांना संपादनाची वेगळी पदवी कोण देणार? पण ती पिढी गेली, पत्रें धंदा म्हणून चालूं लागलीं आणि नोकरीसाठीं येणाऱ्या तरुणांची तयारी कोठें व्हावी हा प्रश्न इकडेहि उभा राहिला.

हिंदुस्थानांत पंजाब विद्यापीठानें लाहोर येथें १९४१ मध्यें असा वर्ग सुरू केला. पृथ्वीपाल सिंग त्याचे प्रमुख होते. १९४७ च्या फाळणीनें लाहोर सुटलें आणि वर्ग दिल्लीस आला. १९६२ मध्यें तो चंडीगडास गेला. नागपुरास हिस्लॉप कॉलेजांत १९५२ मध्यें वृत्तपत्रविद्येचा विभाग निघाला व त्यासाठीं अमेरिकेंतून सिराक्यूज विद्यापीठाचे प्रोफेसर रोलंड वुल्सली आले. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमधील वर्ग १९६४ चा. कालांतरानें या विभागांच्या नांवांत ‘संज्ञापन’ हा शब्द आला, आणि जाहिरात व जनसंपर्क, जे विषय पुलित्झर दाराबाहेर ठेवूं पाहत होता, ते बातमीच्या शेजारच्याच बाकावर येऊन बसले.