तळटीप : डोंगरी, उमरखाडी, मांडवी आणि पायधुणी
मुंबई महानगरपालिकेच्या ‘बी’ विभागात आणि त्याच्या सीमेलगत येणाऱ्या या वस्त्यांची नावे म्हणजे सात बेटांच्या काळातील भूगोलाची जिवंत नोंदच होय. डोंगरी हे नाव तेथील टेकडीवरून पडले. उमरखाडी म्हणजे उंबराची खाडी, जी मुंबईचे बेट माझगावपासून वेगळे करीत असे. तर मांडवी म्हणजे जकात वसुलीचे ठाणे, आणि बंदरालगतच्या या पेठेला ते साजेसेच आहे. महालक्ष्मी आणि वरळी यांमधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरत असे; त्या खाजणातून ओहोटीच्या वेळी पलीकडे आलेले लोक जेथे पाय धूत ती पायधुणी, अशी व्युत्पत्ती परंपरेने दिली जाते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्ड हा बांध घातला गेल्यावर पाणी हटले, नावे मात्र टिकली. टिळक आणि आगरकर यांनी 1882 मध्ये ज्या ‘डोंगरीच्या तुरुंगात’ 101 दिवस काढले, तो प्रत्यक्षात उमरखाडीत होता, हे त्या कारावासाचे जुने उल्लेख वाचताना ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. नावांनी जुना भूगोल असा जपला असला, तरी महानगरपालिकेच्या निवडणुकीचे प्रभाग, म्हणजे एकेक नगरसेवक निवडून देणारे 227 मतदारसंघ, लोकसंख्येच्या हिशेबाने आखले जातात व त्यांच्या सीमा बहुधा रस्त्यांवरून जातात. त्यामुळे प्रभागाची हद्द आणि वस्तीची जुनी हद्द एकच मानणे चुकीचे ठरते.