तारा नसलेल्या 'ताऱ्याचं' नाव

बीएल लॅसर्टी. सक्रिय दीर्घिकांवरचा कुठलाही पेपर उघडा, हे नाव भेटतंच. आता गंमत बघा: हे नाव ताऱ्याचं आहे, आणि ती वस्तू तारा नाही.

याचं मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. बायरने 1603च्या नकाशात प्रत्येक तारकासमूहातल्या ताऱ्यांना आधी ग्रीक आणि ती संपल्यावर रोमन अक्षरं दिली. रोमन अक्षरांत तो क्यूपर्यंतच पोचला. म्हणून जर्मन खगोलज्ञ आर्गेलांडरने रूपविकारी ताऱ्यांसाठी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांसाठी, उरलेली आर ते झेड ही अक्षरं घेतली. एका समूहाला फक्त नऊ नावं! असे तारे तेव्हा इतके कमी माहीत होते की नऊ पुरेशी वाटली असावीत.

ती पुरली नाहीत. मग आरआर, आरएस असं करत झेडझेडपर्यंत 45 जोड्या आल्या. दुसरं अक्षर पहिल्याच्या मागचं चालत नाही, म्हणून एसआर नाही. त्याही संपल्यावर गाडी उलटी फिरून एएपासून क्यूझेडपर्यंत गेली. त्यात जे वगळला, कारण हस्ताक्षरात आय आणि जेची गल्लत होते. एकूण 334 नावं. त्यानंतर मात्र शहाणपण सुचलं आणि सरळ व्ही335, व्ही336 सुरू झालं. धनू समूहात हा आकडा आता पाच हजारांच्या पुढे आहे. पहिल्यापासूनच आकडे का नाहीत, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, मलाही पडतो. मीरा, अल्गोल यांच्यासारख्या आधीच ग्रीक अक्षर मिळालेल्या ताऱ्यांना हा नियम लागलाच नाही.

आता बीएल मोजून बघा. 9 अधिक 45, मग एच्या 25 जोड्या, मग बीबीपासून बीएलपर्यंत (जे सोडून) 10. म्हणजे सरठ समूहातलं 89वं नाव. हॉफमाइस्टरने 1929 साली तो रूपविकारी तारा म्हणून नोंदवला. नाव एवढंच सांगतं: कुठे आणि कितवा. तेज का बदलतं, याबद्दल एक अक्षर नाही.

1968 साली कळलं की एक रेडिओ स्रोत नेमका याच जागी आहे. 1974मध्ये ताम्रसृती मोजली गेली, ती सुमारे 0.07 निघाली. म्हणजे ही वस्तू आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर, सुमारे 90 कोटी प्रकाशवर्षांवर! तो एका दीर्घिकेचा धगधगता गाभा होता.

तरी नाव बदललं नाही. उलट तशा सगळ्या वस्तूंचा वर्गच या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि 'ब्लेझार' हा शब्दही बीएल लॅक आणि क्वेसार जोडून झाला. माझ्या मते हे बरंच झालं. जुन्या फोटोग्राफिक प्लेट्सवर हा 'तारा' कित्येक दशकं टिपला गेला होता, आणि त्यावरून त्याचं पूर्वीचं तेज नंतर मोजता आलं. तुम्हाला ब्लेझारवर काम करायचं असेल, तर जुनी निरीक्षणं शोधताना दीर्घिकांच्या याद्यांवर थांबू नका. रूपविकारी ताऱ्यांच्या याद्याही चाळा.