साखरेचा उजवा हात

नमस्काराला जोडलेले दोन्ही तळवे एकमेकांवर नेमके बसतात. पण उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट चढत नाही. घडण तीच, मांडणी उलटी. रेणूंतही असे डावे-उजवे असते, हे १८७४ साली व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोन तरुणांनी स्वतंत्रपणे मांडले. कार्बनचे चार बंध कागदासारखे सपाट नसून चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात, असे त्यांचे म्हणणे. लाइपझिगचे दबदबा असलेले रसायनज्ञ कोल्बे यांनी १८७७ मध्ये व्हान्ट हॉफची जाहीर टर उडवली. उट्रेख्टच्या पशुवैद्यकीय शाळेतल्या या शिक्षकाने कल्पनेच्या भराऱ्या माराव्यात, हे त्यांना सोसले नाही.

या कल्पनेची खरी कसोटी लागली ती शर्करांवर. ग्लुकोजमध्ये चार निरनिराळे गट धरून ठेवणारे चार कार्बन आहेत. म्हणजे सोळा मांडण्या शक्य. त्यांतली ग्लुकोजची कोणती? एमिल फिशर यांनी हा प्रश्न हाती घेतला. शर्करांचा पाक चिकट, त्याचे स्फटिक सहज होत नाहीत. फिशर यांनी स्वतःच १८७५ मध्ये शोधलेले फिनाइलहायड्रेझिन त्यांच्या कामी आले. त्याच्याशी शर्करांचा संयोग झाला की पिवळे स्फटिक मिळत. ग्लुकोज आणि मॅनोज यांचे स्फटिक एकच निघाले, त्यावरून दोघांतला फरक फक्त दुसऱ्या कार्बनपाशी आहे हे कळले. पुढे ग्लुकोजची दोन्ही टोके ऑक्सिडीकरणाने सारखी केली, तरी मिळालेले आम्ल ध्रुवित प्रकाश वळवतच राहिले. म्हणून ज्या मांडण्यांतून सममित आम्ल मिळाले असते, त्या बाद झाल्या. अशी एकेक शक्यता खोडत १८९१ मध्ये, व्युर्त्सबुर्गला असताना, फिशर उत्तरापर्यंत पोहोचले.

मात्र एक गाठ सुटली नाही. उरलेली मांडणी आणि तिची आरशातली प्रतिमा, यांतली खरी कोणती हे ठरवण्याचे साधन त्या काळी नव्हते. फिशर यांनी एक बाजू मानून घेतली, आणि ती मानलेली आहे हे लपवले नाही. बरोबर ठरण्याची शक्यता निम्मी. १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फिनाइलहायड्रेझिनच्या विषाने मात्र त्यांची प्रकृती पोखरली. १९१९ मध्ये ते वारले, तेव्हाही तो प्रश्न तसाच होता.

उत्तर मिळाले १९५१ मध्ये. बायफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराची खरी मांडणी ठरवली. रासायनिक नात्याने हे आम्ल शर्करांशी जोडलेले होते. फिशर यांनी मानलेली बाजूच खरी निघाली. हे काम झाले उट्रेख्टमध्येच, व्हान्ट हॉफ यांचे नाव दिलेल्या प्रयोगशाळेत.

बाजू चुकली असती, तर पुस्तकांतल्या साऱ्या आकृत्या उलट्या काढाव्या लागल्या असत्या. फिशर यांचा युक्तिवाद मात्र जागचा हलला नसता. सिद्ध केलेले किती आणि मानलेले किती, यांमधली रेघ त्यांनी पुसली नव्हती. नशिबाने दिलेला कौल हा योगायोग. ती रेघ हे त्यांचे कर्तृत्व.