एका हातात बॅटरी, एका हातात बंदूक

गेल्या शनिवारी कपाटाचा वरचा कप्पा आवरताना ‘डूम ३’च्या तीन सीड्या सापडल्या. आता घरात सीडी ड्राइव्हच नाही, त्यामुळे नुसत्याच हातात धरून बसलो. पण २००५ सालची भिवंडीतली एक रात्र लख्ख आठवली. तिच्याकडे येतोच, आधी थोडा इतिहास.

भीतीच्या शूटर गेममध्ये मुळातच एक गोची आहे. हातात बंदूक दिली की खेळणारा शूर होतो. मग त्याला घाबरवायचं कसं? वेगवेगळ्या लोकांनी याची वेगवेगळी उत्तरं काढली, पण मला विचाराल तर सगळ्यांचा मथितार्थ एकच : बंदूक राहू द्या, दुसरं काहीतरी काढून घ्या.

१० डिसेंबर १९९३ ला आयडी सॉफ्टवेअरचा पहिला ‘डूम’ आला. त्यातले राक्षस आज कागदी बाहुल्यांसारखे वाटतात. पण राक्षस दिसायच्या आधी त्याचं गुरगुरणं ऐकू यायचं. शिवाय तुम्ही गोळी झाडली की आवाज जोडलेल्या खोल्यांतून पसरायचा आणि तिथले राक्षस जागे व्हायचे. म्हणजे बंदूक चालवली की नवं संकट अंगावर! इथे गेली ती निश्चिंती.

ऑगस्ट २००४ मध्ये ‘डूम ३’ने उजेडच काढून घेतला. त्याच्या इंजिनात सावल्या आधी रंगवून ठेवलेल्या नव्हत्या, त्या चालू खेळात गणित करून पडायच्या. दिवा हलला की सावलीही हलायची. आणि वर ती कुप्रसिद्ध अट : एक तर बॅटरी धरा, नाही तर बंदूक. दोन्ही एकदम नाही. लोक जाम चिडले. मंगळावर पोचलेल्या सैनिकाला साधी चिकटपट्टी मिळू नये? लवकरच बॅटरी बंदुकीला चिकटवणारं एक हौशी मॉड आलं. २०१२ च्या ‘बीएफजी एडिशन’मध्ये तर खुद्द कंपनीनेच बॅटरी चिलखतावर बसवून दिली. तक्रार मिटली, पण माझ्या मते अर्धी भीतीही तिच्याबरोबरच गेली.

तर ती रात्र. आमचं घर यंत्रमागाच्या कारखान्यांना लागून. धोट्यांची खटाखट दिवसरात्र चालू. त्यातच आम्ही झोपायचो, त्यातच अभ्यास. बाबा कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. त्या वर्षी भारनियमनाने उच्छाद मांडला होता. मी हेडफोन लावून ‘डूम ३’मधल्या काळोख्या बोळातून चाललो होतो, आणि वीज गेली. यूपीएसवर माझा स्क्रीन तेवढा जिवंत. हेडफोन काढला, तर बाहेर चिडीचूप. एकही माग नाही. गेमने घाबरवलं नव्हतं एवढं त्या शांततेने घाबरवलं. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. मी किंचाळलोच!

बाबा होते. आवाज थांबला म्हणून जागे झालेले. आमच्याकडे आवाजाने कुणी उठत नाही, तो थांबला की उठतात. माग बंद म्हणजे मजुरी बंद.

स्क्रीन बघून म्हणाले, “हे काय रे?” मी बॅटरी-बंदुकीची अट सांगितली. ते हसले. “यात नवीन काय? आमचं रोजचंच. बॅटरी धरली की पान्याला एकच हात. आणि उघड्या मागात तो हात घालताना डोक्यात एकच, स्विच बंद केलाय ना? मध्येच लाइट आली तर?”

त्यांच्या डाव्या करंगळीला पेर कमी आहे. का, ते मी त्या रात्री पहिल्यांदा विचारलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोनोलिथचा ‘फिअर’ आला. प्रोग्रामर म्हणून मला तो फार आवडतो. जेफ ऑर्किन यांनी शत्रूंना ठरावीक हालचाली शिकवण्याऐवजी उद्दिष्टं दिली आणि तिथवर कसं पोचायचं ते त्यांचं त्यांना ठरवायला लावलं. म्हणजे पुढे काय होणार याचा अंदाज गेला. त्यात आल्मा नावाची ती लहान मुलगी, जिच्यापुढे बंदुकीचा काही उपयोग नाही.

मग २००८ मध्ये ‘डेड स्पेस’. स्क्रीनच्या कोपऱ्यातले आकडे गायब. किती जीव उरलाय ते नायकाच्या पाठीवरच्या दिव्यांवरून कळायचं. सामानाची यादी उघडली तरी खेळ थांबायचा नाही. आणि नायक सैनिक नव्हे, यंत्रं दुरुस्त करणारा इंजिनिअर! त्याचं पहिलं शस्त्र म्हणजे खाणकामातलं कापायचं अवजार. पहिल्यांदा खेळलो तेव्हा मला तो आमच्या कारखान्यातलाच वाटला.

ग्राफिक्स कार्डं दर वर्षी तगडी होतात, चांगलंच आहे. पण गेममध्ये माणूस गुंततो तो चित्र खरं दिसलं म्हणून नाही. हात दोनच आहेत आणि कामं तीन, हे अंगाला कळलं की गुंततो.

आता बाबांना कमी ऐकू येतं, इतकी वर्षं मागांत काढल्यावर आणखी काय होणार. परवा सीड्या दाखवल्या तर म्हणाले, “तो बॅटरीवाला गेम ना? त्याला अजून दुसरा हात मिळाला नाही?”

म्हटलं, मिळाला. पण मग मजा गेली.

“मजा गेली तर गेली,” बाबा म्हणाले. “बोटं तरी राहतील.”