डाळ शिजवणारं पाणी

आमच्या आजीची पाण्याची परीक्षा एकच होती: तुरीची डाळ शिजते का? आजोळ किनवटच्या बाजूचं. विहिरीचं पाणी जड, डाळ तासभर चुलीवर ठेवली तरी दाणा कच्चाच. त्यात नारू. पायऱ्यांच्या विहिरीत सगळा गाव उतरायचा, पाय बुडवायचा आणि तिथंच घागरी भरायचा. पोटरीतून डोकं काढलेला पांढरा जंतू आजोबा काडीला गुंडाळत, रोज बोटभरच. ओढताना तुटला की पाय सुजून ऐन पेरणीत माणूस आडवा. हे सांगताना आजी स्वतःची पोटरी चोळायची.

बहात्तरच्या दुष्काळानंतर बोअर पडलं, हापसा आला. (पुढं देशभर गेलेल्या ‘इंडिया मार्क टू’ हापशाचं मूळ सोलापुरात घडलेल्या पंपात आहे, हे आपल्याकडं फार कमी जणांना ठाऊक असतं.) 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्यात हापशाचा वाटा मोठा, तो कुणी नाकारू नये.

आणि हापशाच्या पाण्यात डाळ कशी? ‘लोण्यावाणी शिजती बघ!’ आजी म्हणायची.

पाण्याचं रसायनशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा त्या लोण्याचा अर्थ लागला. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर फ्लोराइड त्याच्याशी जुळून खाली बसतं. ग्रॅनाइटच्या भेगांमधल्या खोल पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त असलं, की खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरतं. नेमकं हेच पाणी जिभेला हलकं लागतं आणि डाळ मऊ करतं. म्हणजे आजीच्या परीक्षेत फ्लोराइड पहिल्या नंबरानं पास!

फ्लोराइड मोजायचं तर पाण्याचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत आणायचा, काचेच्या नाही. त्यात लाल अभिकर्मक घातला की रंग उतरतो. जितका फिका, तितकं फ्लोराइड जास्त. लिटरला 1 मिलिग्रॅम ठीक, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. त्यावर वर्षानुवर्षं गेलं की पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि म्हाताऱ्यांच्या कमरेत बाक. त्याला गाव ‘वात’ म्हणत आलं.

नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेनं फ्लोराइड काढायची तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत दिली. रसायनशास्त्र चोख, पण रोज तुरटी मोजणार कोण, खालचा गाळ टाकणार कुठं? माझ्या मते अशा गावांना दुसरा, निर्धोक स्रोतच द्यायला हवा.

तुमच्या घरी बोअर असेल तर डाळीवर विसंबू नका. पाणी उकळूनही उपयोग नाही. आटतं तसं फ्लोराइडचं प्रमाण उलट वाढतं. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एक बाटली नेऊन द्या आणि फ्लोराइड तपासा असं आवर्जून सांगा.