कृत्रिम खुबा निखळणे (संधिवातग्रस्तांमधील)

बदललेल्या खुब्याचा गोळा वाटीतून बाहेर सरकणे. पहिल्यांदाच खुबा बदललेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण दोन-तीन जणांत, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, हे घडते. जमिनीवर बसण्याच्या सवयीचे उदाहरण म्हणून चऱ्होली घ्या: इंद्रायणीकाठचे हे गाव 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. पण तिथल्या जुन्या घरांतले जेवण, निवडणे-टिपणे आणि भजन अजून जमिनीवरच चालते. साहजिकच खुबा निखळला की ‘मांडी घातली असेल’ असा निवाडा होतो. हा निवाडा अपुरा आहे. खुबा कोणत्या संधिवाताने गेला आणि कंबर किती वाकते, याचे वजन बसण्याच्या सवयीहून कमी नाही.

कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या नोंदींवरून 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झिजेच्या संधिवाताच्या रुग्णांत दोन वर्षांत 1.21 टक्के, तर आमवाताच्या रुग्णांत 2.45 टक्के खुबे निखळले. आमवातात सांध्याभोवतीचे बंध सैल पडतात, स्नायू खंगतात, स्टेरॉइडने ऊती नाजूक होतात. गोळा जागेवर धरून ठेवणारे बळच उणे असते. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या कणा जखडणाऱ्या संधिवातात गोष्ट उलटी: तिथे ताठरपणा घात करतो. निरोगी माणूस बसताना कटी मागे कलते, वाटीचे तोंड पुढून उघडते आणि मांडीच्या हाडाला वर यायला जागा मिळते. कणा जखडलेला असेल तर कटी कलत नाही, हाड वाटीच्या काठावर टेकते आणि गोळा मागे उचकटला जातो. लुइनेक व सहकाऱ्यांनी 1978 साली वाटीच्या कोनांचा ‘सुरक्षित पट्टा’ सांगितला होता. पुढे 2016 मधील एका पाहणीत निखळलेल्या खुब्यांच्या निम्म्याहून अधिक वाट्या त्याच पट्ट्यात आढळल्या. एकाच स्थितीत, न हलता मोजलेला कोन बसलेल्या माणसाचा खुबा सांगत नाही, हे त्यातून दिसते.

यावर रास्त आक्षेप असा, की हे आकडे खुर्चीवर बसणाऱ्या समाजांचे आहेत. त्यावर उत्तर असे देता येईल, की 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 303 खुब्यांपैकी काहींवरचे शस्त्रक्रियेनंतरचे हालचालींचे निर्बंध सैल केले, तरी निखळण्याचे प्रमाण वाढले नाही. पण ती शस्त्रक्रिया पुढच्या-बाजूच्या छेदाची होती. आपल्याकडे रूढ असलेल्या मागच्या छेदाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. आक्षेप इथवर मान्य. मात्र मागच्या छेदानंतर धोका असतो तो गुडघा पोटाशी येऊन आत वळण्यात. मांडी घालताना गुडघा बाहेर वळतो. खरा घातक क्षण उठताना येतो, पुढे झुकून, गुडघे जवळ घेऊन. उकिडवे बसणे आणि बुटक्या स्टुलावरून उठणे म्हणूनच अधिक जोखमीचे. आमवाताने हातांचीही पकड गेलेली असेल तर टेकू घेऊन उठणेही जमत नाही, आणि सवय व रोग इथे एकमेकांत मिसळतात.

म्हणून शस्त्रक्रियेआधी कमरेचे उभ्याने व बसून काढलेले एक्स-रे पाहणे इष्ट. कणा जखडलेला असल्यास मोठा गोळा किंवा दुहेरी हालचालीची वाटी विचारात घेतात. ही वाटी फ्रान्समध्ये 1970च्या दशकात बूस्के यांनी आणली. निखळलेला खुबा बहुधा भूल देऊन, न कापता बसवता येतो. वारंवार निखळल्यास वाटीच बदलावी लागू शकते.