रोमन फुल्लो आणि बीड जिल्ह्यातील परीट : एक तौलनिक टिपण

प्राचीन रोमच्या सामाजिक इतिहासात वस्त्रे धुणाऱ्या व त्यांना झळाळी देणाऱ्या कारागिरास 'फुल्लो' अशी संज्ञा आहे. या कारागिराची कार्यशाळा उत्खननात सापडते, त्याच्या कामाची चित्रे भिंतीवर दिसतात, त्याच्या तंट्याचा निवाडा शिलालेखात वाचावयास मिळतो आणि त्याची जबाबदारी कायद्याच्या ग्रंथात नमूद झालेली आहे. याउलट गोदावरी, सिंदफणा, बिंदुसरा आणि मांजरा यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या वस्त्रे धुणाऱ्या बीड जिल्ह्यातील परिटाचा इतिहास लिहावयास घेतला, तर हाती फारच थोडे लागते. हा फरक केवळ साधनांच्या उपलब्धतेचा आहे, की तो दोन समाजांच्या रचनेतूनच उद्भवलेला आहे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रथम रोमन पुरावा पाहू. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात अशा अनेक कार्यशाळा सापडल्या असून त्यांपैकी स्टेफानसची कार्यशाळा विशेष प्रसिद्ध आहे. पाण्याची मोठी टाकी आणि भिंतीलगत उभे राहून कपडे तुडविण्याची कुंडे, असे तिचे स्वरूप आहे. दुसऱ्या एका कार्यशाळेतील चित्रे आज नेपल्सच्या संग्रहालयात आहेत. त्यांत कुंडात कपडे तुडविणारे कामगार, कापडाची लव विंचरणारा मनुष्य आणि गंधकाची धुरी देण्यासाठी वेताचा पिंजरा वाहून नेणारा इसम दिसतो. थोरल्या प्लिनीने इ. स. पू. २२० मधील मेटिलियन कायद्याचा उल्लेख केला आहे. त्यात कोणती माती आधी वापरावी, गंधकाची धुरी केव्हा द्यावी, याचा क्रम सांगितला होता. एका कारागिरीची प्रक्रिया राज्याने कायद्याने ठरवावी, ही गोष्ट लक्षणीय होय.

फुल्लो म्हणजे मूत्राच्या दुर्गंधीत राबणारा तिरस्कृत मनुष्य, असे चित्र पुष्कळदा रंगविले जाते. शिळ्या मूत्रातील अमोनिया लोकरीवरचा मेद काढण्यास उपयोगी पडत असे, हे खरे. परंतु सम्राट व्हेस्पेशियनने मूत्रावर कर बसविल्याची जी कथा स्वेटोनियस सांगतो, तीत फुल्लोंचे नावही नाही. मिको फ्लोर या अभ्यासकाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पुराव्यांची फेरतपासणी करून या तिरस्काराच्या कल्पनेला बरीच मुरड घातली आहे. आपल्याकडील व्यवसायांचा विचार करतानाही ही सावधगिरी उपयोगी पडणारी आहे.

दोन्हीकडील तंत्रातील फरकाचे मूळ मुख्यतः धाग्यात आहे. रोमन वस्त्र प्रायः लोकरीचे. लोकरीस कढत व तीव्र क्षार सोसत नाही आणि दगडावर आपटल्यास ती आटते. म्हणून तेथे सौम्य क्षार, माती आणि पायांनी तुडविणे ही पद्धत रूढ झाली. मराठवाडा हा कापसाचा प्रदेश. सुती कापड क्षारात उकळले तरी टिकते आणि ओले असता अधिकच बळकट होते. म्हणून येथे सज्जीखार किंवा राखेचे पाणी, भट्टी आणि नदीकाठचा धोंडा ही परिटाची साधने ठरली. रेशमी व नाजूक वस्त्रांसाठी रिठा वापरीत. कोणाचे कापड कोणते हे ओळखण्यासाठी बिब्ब्याच्या रसाची खूण करीत. ही खूण धुण्याने जात नाही. फुल्लोचे काम पक्क्या बांधणीच्या घरात चाले, परिटाचे उघड्या पात्रात. एकाची टाकी उत्खननात सापडते, दुसऱ्याचा धोंडा पुराबरोबर वाहून जातो. साधनांच्या अभावाचे पहिले कारण हे असे अगदी भौतिक आहे.

कायद्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही समाजांची चिंता आश्चर्यकारक रीतीने सारखी आहे. जस्टिनियनच्या संहितेत उद्‌धृत केलेल्या उल्पियनच्या मताप्रमाणे, धुवावयास दिलेले वस्त्र उंदरांनी कुरतडले तरी फुल्लो जबाबदार ठरतो. पौलुस म्हणतो की, फुल्लोने गिऱ्हाइकाचे वस्त्र स्वतः वापरल्यास ती चोरीच होय. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात रजकाने लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच कपडे धुवावेत, अन्यथा नुकसानभरपाई व सहा पण दंड द्यावा, असे सांगितले आहे. मुद्गराची खूण नसलेले वस्त्र अंगावर घातल्यास तीन पण, आणि दुसऱ्याचे वस्त्र विकल्यास, भाड्याने दिल्यास वा गहाण टाकल्यास बारा पण दंड आहे. मनुस्मृतीही एकाची वस्त्रे दुसऱ्याच्या वस्त्रांत मिसळू नयेत, ती कोणास नेसावयास देऊ नयेत, असे बजावते. वस्त्र ही मौल्यवान चीज असताना ती काही दिवस परक्याच्या हाती सोपविणे भागच होते. या विश्वासातूनच हे नियम जन्मले.

येथून पुढे मात्र दोन वाटा फुटतात. रोमन कायद्यात फुल्लो व गिऱ्हाईक यांचा संबंध एका कामापुरता, मोबदल्याच्या कराराचा होता. मराठी मुलखातील परीट हा बलुतेदार. त्याला प्रत्येक कपड्यामागे दाम मिळत नसे. सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. लग्नात वधूवरांपुढे पायघड्या घालण्याचा मानही त्याचाच असे. त्र्यं. ना. आत्रे यांनी 'गावगाडा' या १९१५ मधील ग्रंथात या व्यवस्थेचे चिकित्सक वर्णन केले आहे. करार मोडला तर न्यायालयात दाद मागता येते. बलुत्याचा हक्क मात्र गावाच्या सभासदत्वाशी जोडलेला असल्याने त्याचा तंटा गोतसभेपुढे जाई.

या संदर्भात रोममधील एक शिलालेख उद्‌बोधक आहे. इ. स. २२६ ते २४४ या काळात फुल्लोंच्या संघाने जागेच्या भाड्यासंबंधी झगडा केला. ऑगस्टसच्या काळापासून आपण कधीही भाडे दिलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निकाल त्यांच्या बाजूने लागल्यावर त्यांनी तो दगडावर कोरविला. 'पूर्वापार चालत आले आहे' हा युक्तिवाद आपल्या वतनाच्या महजरांतही पदोपदी भेटतो. फरक एवढाच की, फुल्लोंनी आपला विजय स्वतः कोरून ठेवला. बलुतेदाराचा निवाडा गावच्या वा वतनदाराच्या दप्तरात राहिला आणि दप्तर गेले की तोही गेला.

बीड जिल्ह्यापुरते पाहता आणखी दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली पाण्याची. हा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षी जेथे पिण्याचे पाणी दुर्मीळ होते, तेथे धुण्याचे पात्र कोरडे पडणार हे उघड आहे. पीक बुडाले की खळ्यावरचे बलुतेही बुडाले. म्हणजे एकाच आपत्तीत परिटाचे साधन आणि वेतन ही दोन्ही नाहीशी होत. रोख दामावर जगणाऱ्या फुल्लोवर असा दुहेरी आघात क्वचितच होत असेल.

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. सोयर-सुतकाची वस्त्रे धुतो म्हणून गावाने परिटास खालचे स्थान दिले. आणि त्याच परिटाकडून अस्पृश्य मानलेल्या जातींची वस्त्रे धुतली जात नसत. ज्याच्या हातून गावाची शुद्धी होई त्यालाच अशुद्ध मानावयाचे, आणि त्याच्या सेवेचा लाभ कोणी घ्यावा याची सीमा जातीने ठरवावयाची, ही या व्यवस्थेची अंतर्गत विसंगती होय. परीट कुळात जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हाती झाडू घेऊन स्वच्छतेला जातीच्या कक्षेबाहेर काढले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर विशेष जाणवते.

परिटाच्या इतिहासाची साधने मुळीच नाहीत असे मात्र नव्हे. १७६३ ची राक्षसभुवनची लढाई ज्या भूमीवर झाली, त्या जिल्ह्यावर निजामाची सत्ता असली तरी मराठ्यांचे हक्कही चालत. म्हणून मोडी व फार्सी या दोन्ही लिपींतील दप्तरे धुंडाळली पाहिजेत. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन होण्यापूर्वीचे बलुते ज्यांच्या आजोबांनी घेतले, त्यांच्या घरच्या आठवणी टिपून घेणेही तितकेच निकडीचे आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी टिकली, कारण तिच्यावर अक्षरे होती. परिटाने हजारो वस्त्रे धुतली आणि उत्तम काम केले याची खूण हीच की, त्यावर कसलाही डाग उरला नाही. अशा श्रमाचा इतिहास आपोआप उरत नसतो. तो हेतुपूर्वक शोधावा लागतो.